मामाचा बेसबॉल

माझा स्वभाव भांडखोर आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. दहावीत असताना मी रत्नागिरीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत सॉफ्टबॉलची कप्तान होते, आणि ते कप्तानपदही मी भांडूनच मिळवलं होतं. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. चेंडू मोठा, मैदान लहान, बाकी घराणं एकच. आमच्या गावात तोवर दोघींपैकी एकीचंही तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. फक्त माझ्या मामाने पाहिलं होतं. निदान तो तसं सांगायचा.

मामा बोटीवर इंजिनरूममध्ये ऑइलर होता. आठ-नऊ महिने समुद्रावर आणि उरलेले आमच्या पडवीत. त्या वर्षी तो गणपतीला आला तेव्हा मुंबईत गिरण्यांचा संप चालू होता आणि आमची आळी परत आलेल्या माणसांनी भरली होती. त्यांना काम नव्हतं, मामाला श्रोते हवे होते. दोघांचं छान जमलं.

संध्याकाळी पडवीत बैठक बसायची. मामा सांगायचा, तिकडे अमेरिकेत हा खेळ खेळायचा पगार मिळतो.

“खेळायचा पगार? मग कामाचा काय मिळतो हो?” कुणीतरी विचारायचं.

“हेच काम! उन्हाळाभर जवळजवळ रोज सामना. हजारोंनी माणसं तिकीट काढून बसतात.” मग मामा गुडघ्यावर थाप मारून पुढे म्हणायचा, “आणि गेल्या वर्षी त्या खेळाडूंनीसुद्धा संप केला. ऐन हंगामात. मैदानं ओस!”

यावर मोठा हशा व्हायचा. एकदा मात्र कापडखात्यातला एक जण हसला नाही. “मिटला काय मग?” त्याने विचारलं. मामा म्हणाला, मिटला, दोन महिन्यांच्या आत. “नशीबवान हो,” असं म्हणून तो माणूस उठून गेला.

मामाकडे गोष्टी रग्गड होत्या. कारखान्यातून सुटलेली माणसं थेट मैदानावर कशी जातात. एरवी पोराशी चार शब्द न बोलणारा बाप त्याला खांद्यावर बसवून सामन्याला कसा नेतो. परमुलखातून आलेली माणसं तिथली भाषा शिकायच्या आधी हा खेळ कशी शिकतात, म्हणजे शेजारी त्यांना आपल्यातलं मानतात. जपानच्या बंदरात शाळेतल्या पोरांच्या सामन्यासाठी अख्खा बाजार रेडिओपाशी कसा गोळा होतो. आणि एक गोष्ट तो दर वेळी आवाज चढवून सांगायचा. तिकडे काळ्या खेळाडूंना कित्येक वर्षं मोठ्या संघांत घेतच नसत. ते बिचारे आपापले वेगळे संघ काढून खेळायचे. शेवटी एकाला घेतलं. त्याने समोरून शिव्या खाल्ल्या, उलट उत्तर दिलं नाही, नुसता खेळला. “आणि मग सगळ्यांची तोंडं बंद!” असं म्हणताना मामा उठून उभाच राहायचा. बोटीवर साहेबलोकांची बोलणी त्याने किती खाल्ली असतील, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

माझी आई मात्र नारळ खवता खवता आतून म्हणायची, “उचलली जीभ, लावली टाळ्याला! मेला बोटीच्या पोटात असतो तेल घालत, हा कधी गेला मैदानावर?” मामा तिचा धाकटा भाऊ. लहानपणापासून त्याच्या थापा ऐकून तिचा विश्वासच उडाला होता. आळीतले लोकही ऐकताना माना डोलवायचे आणि बाहेर पडल्यावर एकमेकांना टाळ्या द्यायचे. माझा मात्र मामाच्या शब्दाशब्दावर विश्वास होता. त्याच्यावर कुणी हसलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तेवढ्यात शाळेत सॉफ्टबॉलचं सामान आलं. दोन बॅटी, चेंडू, थोडे ग्लोव्ह आणि सायक्लोस्टाइल केलेला नियमांचा कागद. त्या कागदावर मैदानाच्या आकृतीच्या जागी शाईचा हा एवढा डाग. आमचे पीटीचे सर कबड्डीतले वाघ, पण हे काम त्यांच्या आवाक्याबाहेरचं होतं. मी लगेच हात वर केला. “सर, माझ्या मामाने बघितलाय हा खेळ. स्वतःच्या डोळ्यांनी. अमेरिकेत.” आणि त्याच जोरावर भांडून कप्तानपदही मिळवलं.

आमच्या वर्गात एक मुलगी होती, हात लांब आणि जीभ त्याहून लांब. पुढे तीच आमची पिचर झाली. ती म्हणाली, “तुझा मामा ना? बोलाचीच कढी गो ती!” मी सगळ्यांसमोर सांगितलं, “मामा खोटं बोलला असं निघालं ना, तर कप्तानपद तुला. घे!” ती म्हणाली, “घेईन की.”

मामाने महिनाभर आम्हाला कातळावरच्या मैदानात घाम गाळायला लावला. गोणपाटात पेंढा भरून चार बेस शिवले. बॅट लागल्याचा आवाज ऐकून चेंडू किती लांब जाणार ते तो न बघता सांगायचा, आणि ते बरोबर निघायचं! केव्हा जोरात मारायचं, केव्हा नुसता चेंडू टेकवून बेसवर असलेल्या आपल्या मुलीला पुढे सरकवायचं, पिचर थकली हे कसं ओळखायचं, सगळं त्याला पाठ. सकाळी सकाळी तो रेडिओ कानाला लावून बसायचा. तिकडची मोठी मालिका आपल्या पहाटेच लागायची. तिथून उठून थेट मैदानावर. सरसुद्धा त्याला गुरुजी म्हणायला लागले. मला आकाश ठेंगणं झालं.

दिवाळीच्या सुट्टीआधी जिल्ह्याचे सामने आमच्याच मैदानावर ठरले. पहिलाच सामना आमचा, पोफळीच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या मुलींशी. त्यांचे वडील बदल्या होत होत घाटावरून आलेले, मुली आधीपासून खेळत असलेल्या. मैदानाभोवती ही गर्दी! शाळा, आळी, आमच्या मुख्याध्यापिका बाई खुर्ची टाकून पहिल्या रांगेत. नाणेफेक मी जिंकले आणि पहिली बॅटही मीच घेतली. कप्तान कुणाला म्हणतात मग?

दुसराच चेंडू असा बसला म्हणता! सरळ त्यांच्या पिचरच्या डोक्यावरून. मी बॅट टाकली आणि धूम ठोकली, डाव्या हाताच्या बेसकडे. तिथे पाय रोवून, कमरेवर हात ठेवून उभी राहिले. त्या बेसवरची पोफळीची मुलगी माझ्याकडे भूत बघितल्यासारखी बघत होती. चेंडू गेला उजवीकडच्या बेसवर. अंपायरने मला आउट दिलं.

“का म्हणून?” मी भांडायला उभी.

अंपायर म्हातारे आणि शांत होते. ते म्हणाले, “अगं मुली, तू तिसऱ्या बेसवर उभी आहेस. पहिला उजव्या हाताला असतो. तू उलटी पळालीस.”

आधी कुणाला कळेना. मग कळलं, आणि अख्खं मैदान हसायला लागलं. पोटं धरधरून. महिनाभर आम्ही अकरा जणी, एकीलाही शंका न येता, देवळाला प्रदक्षिणा घालावी तशा डावीकडून फिरत होतो. तुळस, वड, देऊळ, जन्मभर सगळ्यांना आम्ही त्याच बाजूने फेरे घातलेले. खेळ दुसऱ्या अंगाने फिरत असेल हे सुचणार कुणाला? पण ज्याने खेळ डोळ्यांनी बघितलाय त्याला ते सुचावं लागत नाही. त्याला ते दिसलेलं असतं. हे मला त्या तिसऱ्या बेसवर उभं असतानाच कळलं.

आमची पिचर माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. मामाच्या जागेकडे बघितलं, तर जागा रिकामी.

माझ्यामागच्या मुली बॅटिंगला होत्याच. मी मैदानाबाहेर पळाले. चिऱ्याच्या कंपाउंडच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला, मामा भिंतीला पाठ टेकून उभा होता.

“तू बघितला नव्हतास,” मी म्हटलं.

“नाही गो बाय.”

“मग एवढं सगळं?”

“रेडिओ. बोटीवर, बंदरात, जिथे लागेल तिथे. दहा-बारा वर्षं.” तो खाली बघत होता. “रेडिओवर पहिला बेस म्हणतात, तिसरा म्हणतात. पहिला कुठल्या हाताला ते कशाला सांगतील? ऐकणारे सगळे बघत बघतच मोठे झालेले.”

“एकदासुद्धा गेला नाहीस?”

“गेलो होतो. एकदा सुट्टी मिळाली, चालत चालत मैदानापर्यंत गेलो. तिकिटाच्या खिडकीपाशी रांग होती. सगळे बापलेक. मी एकटा, अंगाला तेलाचा वास. खिडकीतल्या बाईने काहीतरी विचारलं, मला कळलं नाही. तिने परत विचारलं. मागचे खोळंबले. मी बाजूला झालो. मग बाहेर भिंतीला टेकून ट्रान्झिस्टर कानाला लावला. आरडाओरडा आधी रेडिओत व्हायचा, आणि मग तोच भिंतीवरून यायचा. सामना संपेपर्यंत उभा होतो. आत जायचा धीर झाला नाही गो. घरी आल्यावर कुणीतरी विचारलं, बघितलास काय? मी हो म्हणून गेलो. एकदा हो म्हटल्यावर मग नाही कसं म्हणायचं?”

शहाण्या मुलीला अशा वेळी रडू आलं असतं. मला राग आला, आणि असा आला की मी त्याचा दंडच धरला. “मी वर्गात तुझ्यासाठी शपथा घेतल्या! त्या टवळीला कप्तानपद द्यायचं कबूल केलं! आणि तू इथे परत भिंतीच्या बाहेर? इथे तिकीट नाही, खिडकी नाही, कुणी इंग्रजीत काही विचारणार नाही. चल आत!”

“लोक हसतील.”

“माझ्यावर हसले ना आत्ता? मेले काय मी? चल!”

त्याला ओढत आणला आणि आमच्या बाकावर बसवला. तोवर आमचा डाव संपला होता. मी मुलींना गोळा केलं आणि सांगितलं, पहिलीवाली तिसऱ्यावर, तिसरीवाली पहिल्यावर, आणि जी डावीकडे पळेल तिची तंगडी मी मोडीन. थोड्या वेळाने बघते तर मामा बाकावर डोळे मिटून बसलेला! बॅटचे आवाज ऐकत! मी मैदानातूनच ओरडले, “मामा, डोळे उघड!” अख्ख्या गर्दीने ऐकलं. त्याने डोळे उघडले आणि मग शेवटपर्यंत मिटले नाहीत.

आम्ही हरलो. सणसणीत हरलो. डोक्याला कळत होतं तरी पाय डावीकडेच ओढायचे. तरी आमच्या दोन धावा झाल्या. एक पिचरची आणि एक शेवटच्या डावात माझी. उजवीकडून, चारही बेस तुडवत, धापा टाकत.

सामना संपल्यावर मुख्याध्यापिका बाई उठून आमच्याकडे आल्या. मागे सर, मागे आळीतली माणसं. बाईंनी मामाला विचारलं, “खरं सांगा. तुम्ही हा खेळ पूर्वी बघितला होतात का?”

मी त्याच्या अगदी जवळ उभी होते. मी हळूच म्हटलं, “सांग, लांब बसलो होतो, विसरलो.” कुणीही मानलं असतं. माझं कप्तानपद राहिलं असतं, त्याची अब्रूही राहिली असती. मामाने माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे.

“नाही बाई,” तो मोठ्याने म्हणाला. “कधीच नाही. आज पहिल्यांदा बघितला.”

कुणीतरी खिदळलं. बाईंनी वळून बघितल्यावर गप्प झालं. “शिकवलंत मात्र चांगलं,” बाई म्हणाल्या, “फक्त दिशा तेवढी बघा.” मी डोक्यावरची कप्तानाची टोपी काढून पिचरच्या हातात दिली. तिने ती घेतली, बरं का! नाही-नको काही केलं नाही, तिथेच डोक्यावर घातली. मला वाईट वाटलं, पण मामाची लाज मात्र वाटली नाही. तो खोटा पडला होता तेव्हा वाटली होती. खरं बोलल्यावर वाटली नाही.

घरी पोचलो तेव्हा आई पायरीवर तांदूळ निवडत होती. मामा चपलाही न काढता तिच्यासमोर उकिडवा बसला आणि सांगायला लागला. मी उलटी कशी पळाले, लोक कसे हसले, तो कसा पळून गेला, तिकडे त्या खिडकीपाशी काय झालं होतं, शेवटच्या डावात मी कशी धावले, धूळ केवढी उडाली, पोफळीच्या मुलीने चेंडू कसा अंगावर झेलला. हातवारे करून, डोळे मोठे करून, पहिल्या चेंडूपासून. आईने सूप बाजूला ठेवलं. दर वाक्याला ती सवयीने माझ्याकडे बघायची, की हे तरी खरं काय गो? आणि दर वाक्याला मी मान डोलवायचे.