सुताचं अंग, रेशमाचा पदर

वडगावात यशोदाबाईच्या जोडणीला नाव होतं. लुगड्याचं अंग सुती, पदर रेशमी. दोन्हींचे ताणे, म्हणजे उभे धागे, वेगळे. सुताच्या एकेका फासात रेशमाचा फास अडकवायचा, गाठ मारायची नाही. मान मोडून बसावं लागतं. लग्न होऊन आल्यापासून ती हेच करत आली. गावच्या कितीतरी पोरी तिच्या हातचं लुगडं नेसून बोहल्यावर चढल्या. आता लेकीचं, गुणाचं, लग्न तोंडावर आलं होतं आणि तिचंच लुगडं मागावर अर्धं पडलं होतं.

कारण यशोदाबाईचा नवरा भावकू. माग तोच ओढायचा. सोप्यात भाड्यानं राहणारे तम्मण्णा मास्तर कॉलेजात विज्ञान शिकवत. ग्रहताऱ्यांचे नियम वेगळे, अणूच्या पोटातले वेगळे. दोन्ही खरे, पण एकत्र मांडले की गणित फुटतं, असं ते सांगत. भावकू धोटा खाली ठेवून ऐकत बसे.

"जग तर एकच हाय न्हवं?"

"एकच. म्हणून तर झोप लागत नाही," मास्तर म्हणाले.

"माग कोण वडणार? तारं?" यशोदाबाई आतून म्हणाली.

अंग कसंबसं विणून झालं. ती येळ्ळूरला लग्नाचं आमंत्रण द्यायला गेली. परत आली तर भावकूनं पदर स्वतःच जोडलेला. फास नाहीत, थेट गाठी. विणायला घेताच गाठी मागाच्या फणीत अडकल्या आणि रेशीम झुबक्यानं तुटलं.

"फासात दोन धागं दोनच ऱ्हात्यात," भावकू म्हणाला. "म्या एकच करून बघितला."

"पोरीच्या लुगड्यावर?"

मास्तर ओशाळले. "माझंच चुकलं, आक्का."

"तुमी नुसतं बोलता. ह्ये त्येच ताण्यात घालत्यात."

"तुमच्या गणितात फास न्हाय व्हय, मास्तर?" भावकूनं तेवढ्यातही विचारलं.

"शोधतायत. अजून कुणाला गवसला नाही."

"गवसंल तवा गवसंल. हळद परवा हाय," यशोदाबाई म्हणाली आणि कात्री घेऊन बसली.

गाठी कापल्या, तुटकं रेशीम काढलं, एकेक फास पुन्हा घातला. नवं रेशीम आणायला वेळ नव्हता. पदर वीतभर आखूड झाला.

लग्नात गुणा तो खांद्यावरनं सारखा पुढं ओढत होती. यशोदाबाईनं मांडवात भावकूला डोळ्यांनी शोधलं. तो व्याह्यांना अणूचं पोट समजावत होता, आणि व्याही जेवायचं सोडून ऐकत होते.