‘सुदाम आणि’च्या पुढची मोकळी जागा

दुकानात रंगाचे डबे साचतात तसे किस्सेही साचतात. झाकण उघडायचा अवकाश, आतला रंग अजून ओलाच! नव्वदच्या दशकात भिंगारला सुदामभाऊंचं जाहिरातीचं दुकान होतं, मी तिथे कामाला. चौदा एप्रिलच्या कमानी रंगवता रंगवता भाऊ या धंद्यात आलेले. त्यांचा नियम एकच. "भिंत, हँडबिल, केबल आणि माईक! चारी कामं येतील त्याचंच नाव बोर्डावर!"

बोर्डावर ‘सुदाम आणि’ एवढंच लिहून पुढे मोकळी जागा सोडलेली. गिऱ्हाइकं विचारायची, "आणि कोण?" मी ब्रश धुवायला लागायचो. पण ती जागा माझीच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

*

तिसगावात एका आजींच्या भिंतीवर आमच्या साडीवाल्या शेटजींची जाहिरात काढत होतो. साडीतली बाई झकास उतरली. आजी बाहेर आल्या.

"डोक्यावर पदर न्हाई? माज्या भितीवर आसली बाई चालायची न्हाई!"

डोक्यावर पदर रंगवला.

"कुंकू लई बारीक हाय."

मोठं केलं.

"आन् चपला? उन्हात उबी हाय ती!"

चपला घातल्या. आठवड्यात शेटजी तणतणत आले. "लोक दुकानात येऊन चपला मागतायत!"

भाऊ शांतपणे म्हणाले, "येतायत ना?"

*

पाथर्डीच्या बाजारात माझी हँडबिलं अर्ध्या तासात संपली. छाती फुगवून भाऊंना सांगायला गेलो. भाऊ भजी खात होते. भज्यांखालचा कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. आमचंच हँडबिल, तेलानं थबथबलेलं!

आता खरडपट्टी निघणार, असं वाटलं. भाऊ म्हणाले, "पुढच्या बाजारी वाटत फिरू नको. गठ्ठा भजीवाल्यालाच दे. भजी संपेस्तोवर माणूस वाचतो!"

*

केबलची जाहिरात म्हणजे पुठ्ठ्यावर रंगवलेलं कार्ड. सिनेमा मध्येच थांबवून केबलवाला ते कॅमेऱ्यासमोर ठेवायचा. एकदा माझ्या कार्डावर पाल चढली आणि शेटजींच्या दुकानाच्या नावाशेजारी बसली. केबलवाला स्वतःच पालीला घाबरणारा! दहा मिनिटं अख्खं भिंगार श्वास रोखून बघत होतं.

दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या तोंडी शेटजींचं दुकान. भाऊंनी केबलवाल्याला निरोप धाडला, "आजपण तिलाच बोलव!"

*

राहिला माईक. तो हातात घेतला की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. भिंतीवर वाघ, माईकपुढे शेळी!

संक्रांतीच्या सेलसाठी भाऊंनी पाथर्डीकडच्या एका खेड्यात पाराजवळ जीप उभी केली आणि माईक माझ्या हातात दिला. मी डोळे घट्ट मिटून एका दमात सेल म्हणून टाकला. डोळे उघडले, तर दारोदार कुलपं! गाव ऊसतोडीला गेलेलं. आम्ही भिंगारची शहाणी माणसं, हंगाम एकाच्याही ध्यानात नाही! पारावरच्या चार म्हाताऱ्या माणसांतल्या एक आजी म्हणाल्या, "साडी कुनाला नेसवतोस, बाबा? समद्या कारखान्यावर हायत."

भाऊंनी जीप वळवली. "गाव असेल तिथं जाऊ."

कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोप्या-झोपड्यांपुढे मी त्या गावाचं नाव घेतलं मात्र, बायका हातातली कामं टाकून धावल्या. सेल कुणी ऐकलाच नाही. तान्हं लेकरू घेतलेली एक पुढे आली. "गावाकडं परत जानार का, दादा? माज्या आयला सांगा, पारूला पोरगी झाली. दोगी बी खुशाल हायत."

मग दुसरी आली, तिसरी आली. हँडबिलांच्या कोऱ्या पाठीवर मी सगळे निरोप उतरवून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप पुन्हा त्याच पारापाशी. मी माईक हातात घेतला. जीभ चिकटली की नाही, आठवतही नाही.

"पारूला मुलगी झाली. दोघीही खुशाल आहेत."

कालच्याच आजी उठल्या. जीपच्या बॉनेटला धरून उभ्या राहिल्या.

"परत म्हन."

म्हटलं.

"आजून एकदा."

चार वेळा म्हटलं. मग एकेक करून बाकीचे निरोप वाचले. शेवटचा संपल्यावर एकदम आठवलं. माईकवर हात ठेवून मी कुजबुजलो, "भाऊ, सेल सांगायचा राहिला!"

भाऊंनी बाहीला डोळे पुसले आणि जीप सुरू केली.

"राहू दे. दुकानावर गेलो की बोर्डाला शिडी लाव."