काचेच्या कापसाची झबली

लेटरहेडवर मी 'इंजिनिअर्स अँड कॉन्ट्रॅक्टर्स' असं छापून घेतलं होतं. दोन्ही अनेकवचनी. प्रत्यक्षात इंजिनिअर म्हणजे दुसऱ्या खेपेला डिप्लोमा पास झालेला मी, आणि कॉन्ट्रॅक्टरही मीच. कचेरी मेहरूण भागातल्या दोन खोल्यांच्या घरात, पलंगाखाली. एकोणसत्तर-सत्तर साल असेल.

काम होतं तापीकाठच्या वीज केंद्रात. तिथे वाफेचे नळ असतात. ते उघडे ठेवले तर उष्णता वाया जाते आणि जवळून जाणारा भाजतो, म्हणून त्यांच्यावर काचेचा कापूस गुंडाळतात. केसाहून बारीक काचेचे धागे ते. दिसायला आपल्या कापसासारखे, पण हात लावला की दिवसभर खाज. सरळ नळाला तो गुंडाळून तारेनं बांधला की झालं. व्हॉल्व्ह मात्र दुरुस्तीला सारखे उघडावे लागतात. त्यांना काढता-घालता येईल असं आवरण हवं. ते काम मी मोठ्या ऐटीत घेतलं आणि मग करायचं कसं याचा विचार सुरू केला. एका शिंप्यानं एक आवरण शिवून दिलं, दोन दिवस अंग खाजवलं, आणि तिसऱ्या दिवशी मला लांबून पाहूनच दुकान बंद केलं.

घरी व्हॉल्व्हचं चित्र जमिनीवर पसरून बसलो होतो. शेजारी माय, म्हणजे माझी आई, मेथी निवडत होती. ती भडगावकडची. बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच.

"हाई काय शे?"

"व्हॉल्व्ह. तुला नाही समजायचं."

ती वाकून पाहत राहिली. "आरे, हाई ते झबलं शे! याले मान शे, दोन हात शेतस. पाठवर बंद लाव."

तिनं वर्तमानपत्राचं बेतलं, मी ते केंद्रात नेऊन व्हॉल्व्हला लावून पाहिलं, आणि ते बसलं. त्यानंतर आमचं सगळं इंजिनिअरिंग मायच्या दाभणात होतं. काचेच्या कापडाचे दोन थर, मध्ये काचेचा कापूस, बारीक तारेची शिवण. नाकाला पदर बांधून ती मागच्या पडवीत बसायची. केंद्रातल्या साहेबांनी एकदा शिवणीवरून बोट फिरवून विचारलं, "कुठल्या मशीनवर शिवता हो?"

"आमची खास पद्धत आहे," मी म्हणालो. आई शिवते हे सांगायला मला लाज वाटली.

त्या कार्तिकात आम्हाला मुलगी झाली. बायकोचं माहेर धुळ्याचं, बाळंतपण तिकडेच. तीन महिन्यांची पोर घेऊन बायको आली तेव्हा माय दारात तुकडा ओवाळायला उभी होती. ओवाळून झाल्यावर तिनं नातीला जी उचलली ती संध्याकाळपर्यंत खाली ठेवली नाही. चहासुद्धा एका हातानं प्याली. बायको गमतीनं म्हणाली, "माय, मला पण द्या की थोडा वेळ."

"तू तीन महिने लिधी ना? आते मना नंबर."

आठ दिवसांत पोरीच्या अंगावर लाल पुरळ उठलं. रडून रडून ती निळी व्हायची. डॉक्टरांनी मलम दिलं आणि विचारलं, "घरात काही काम चालतं का?" मी काचेच्या कापसाचं सांगितलं. "मग जपा," एवढंच ते म्हणाले. बाकीचं माझ्या डिप्लोम्यानं ठरवलं. घरी येऊन मी साइटवर मजुरांना सांगतो त्याच आवाजात नियम सांगितला: जो माल हाताळतो त्यानं बाळाला हात लावायचा नाही.

माय म्हणाली, "हात धुईसन बी नही?"

"धुऊनसुद्धा नाही. ते धागे डोळ्यांना दिसत नाहीत, माय. तुझ्या हातात बसलेत."

तिनं दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले. केंद्र दुरुस्तीसाठी बंद राहणार होतं, तोवर चाळीस झबली द्यायची होती. "एवढं काम झालं की दुसरीकडे शिवायला देतो, मग घे हवी तेवढी," मी म्हणालो. ती पडवीत शिवायची आणि पोर आत रडली की हात थांबवायची. आपलं लुगडं वेगळ्या बादलीत धुवायची, वेगळ्या दोरीवर वाळत घालायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी मात्र पोरीला रोज घ्यायचो. माल हाताळणाऱ्यांत मी स्वतःला धरलंच नव्हतं. कॉन्ट्रॅक्टर फक्त बोट दाखवतो, असा माझा समज. प्रत्यक्षात मी त्या गठ्ठ्यांवर बसून डबा खायचो.

चाळीसावं झबलं झाल्यावर माय आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, भडगावला तिच्या भावाकडे गेली. पंधरा दिवस झाले तरी पुरळ हटेना. एका सकाळी बायकोनं मला अंगणात बोलावलं. दोरीवर वाळणारं दुपटं तिनं उन्हात तिरकं धरलं. त्यात बारीक बारीक चमकत होतं.

"माय गावाला आहे," ती म्हणाली. "हे तुमच्या शर्टाचं आहे. तुमचे कपडे नि पोरीचे मी एकाच टपात भिजवत होते. चार महिने."

तिनं स्वतःलाही त्यात धरलं, तो तिचा चांगुलपणा. कपडे वेगळे केल्यावर आठवड्यात पोरीचं अंग साफ झालं.

आम्ही तिघं एसटीनं भडगावला गेलो. माय ओट्यावर होती. मी चपला काढण्याआधीच सांगून टाकलं. चूक माझी होती, तुझे हात चांगले आहेत, घे तिला.

"नको रे पोरा. मना हात झोंबतीन तिले."

"अगं नाही झोंबत! मी चुकीचं सांगितलं होतं."

"तू शिकेल शे ना," ती समजुतीनं म्हणाली, जणू चुकला होता तो दुसराच कुणी. "तू सांगेल खोटं कसं व्हयी? मी दूरथीन देखस ना तिले."

मी पुन्हा समजावलं. डॉक्टरांचं नाव घेतलं, शपथ घेतली. कधी नव्हे तो मी खरं बोलत होतो आणि ती माझ्या आधीच्या शब्दाची बाजू घेऊन माझ्याशी भांडत होती. शेवटी बायकोनं पोरीला सरळ तिच्या मांडीवर ठेवलं.

मायनं दोन्ही हात पटकन वर उचलले. खांद्यांच्याही वर. मांडी मात्र तसूभर हलू दिली नाही. पोर घसरायला लागली तशी तिनं गुडघा उचलून तिला सावरलं, कोपरानं अडवलं, पण तळवे खाली आणले नाहीत. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तेही पुसता येत नव्हतं. "धर बाई, धर तिले," तिचा भाऊ ओरडला. तिनं नाही म्हणून मान हलवली.

पोरीनं तिच्याकडे वर पाहिलं. तिला तो खेळ वाटला. तिनंही आपले दोन्ही हात वर केले आणि हसली.

तिथे बसलेले सगळे हसले. मीही हसलो.

पुढे पोर चालायला लागल्यावरही कित्येक महिने आजी दिसली की धावत जात नसे. जागेवर उभी राहून दोन्ही हात वर करायची. आणि पलीकडून मायही करायची.