सुधाताईंचं चाकांवरचं स्वयंपाकघर

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात सुधाताई फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. भिंगं पुसून ठेवायची, तारा जोडून द्यायच्या आणि मुलं प्रयोग करत असताना बाजूला उभं राहायचं, अशी नोकरी. प्रयोगांची उत्तरं आधीच ठरलेली असत. कुणाचं चुकलं तर ते खाडाखोड करून बरोबर केलं जाई. सुधाताईंना मात्र वाटायचं, हे चुकलेलं उत्तर आलं तरी कुठून, ते कुणी बघत का नाही?

दोघंही निवृत्त झाल्यावर त्यांचे यजमान दिवाकरराव यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. वर्षातले काही महिने गाडीतच राहायचं, मन रमेल तिथे थांबायचं, असा बेत होता. देवळाली कॅम्पातल्या शफीभाईंनी सीटा काढून आत पलंग, फळ्या आणि खिडकीखाली हातभर ओटा बसवून दिला.

"ताई, माझं काम झालं. आता ओट्यावर काय मांडायचं ते तुम्ही बघा," ते म्हणाले.

दिवाकररावांनी ते ऑनलाइन बघून मागवलंही होतं. इंडक्शन शेगडी, घडी होणारी सिलिकॉनची पातेली, एकात एक बसणारे डबे. खोकी उघडताना ते खुशीत होते. "किती सुटसुटीत आहे बघ!"

"सुटसुटीत आहे खरं," सुधाताई म्हणाल्या. "पण अहो, ह्यात आमटी होते का, ते बघायला नको?"

दुसऱ्या दिवसापासून त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, उभ्या गाडीत स्वयंपाक करू लागल्या. येणारे-जाणारे डोकावत. वरच्या मजल्यावरची यशश्री ऑफिसला निघाली की हमखास थांबायची. "काकू, यूट्यूबवर सगळं असतं हो. कशाला एवढा खटाटोप?"

"असेल की. पण त्यांच्याकडे माझी डाळ नाही ना!"

इंडक्शनवर निम्म्या पोळ्या झाल्या आणि गाडीतले दिवे मंदावले. बॅटरीने मान टाकली होती. घडीचं पातेलं आमटीसकट उचललं, तर ते मधोमध असं काही लवलं की दिवाकरराव धावत आले. सुधाताईंना राग आला नाही. त्यांनी ते रिकामं करून, पाणी भरून, पुन्हा उचलून पाहिलं. कुठे लवतं, किती भरल्यावर लवतं, ते कळल्यावरच बाजूला ठेवलं.

मग लहान सिलिंडर आला. गळलेला गॅस खाली साचतो, म्हणून त्यांनी शफीभाईंकडून तळाशी जाळी पाडून घेतली आणि घरचा कुकर चढवला. दिवाकरराव पलंगावर पेपर वाचत पडले होते. शिट्ट्या झाल्या, वाफ छताला जाऊन भिडली आणि थोड्याच वेळात पेपरवर टपटप थेंब पडू लागले.

"अगं, गाडीत पाऊस पडतोय!"

सुधाताई छताकडे बघत राहिल्या. एवढी वाफ बाहेर टाकायची, म्हणजे एवढी उष्णता फुकट घालवायची. उकळी आल्यावर पातेलं झाकून गुंडाळून ठेवलं तर? त्यांनी एका खोक्यात जुनी गोधडी घातली आणि मधे जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं पातेलं बसवलं. तुरीची डाळ कडकच राहिली. बटाटे अर्धेकच्चे निघाले. तांदूळ आणि मुगाची डाळ मात्र न ढवळता, न बघता मऊ शिजली. सुधाताईंनी तो मऊ भात बोटांनी दाबून पाहिला आणि एकट्याच हसल्या.

राहिल्या पोळ्या. दिवाकररावांना जेवणात पोळी हवीच. सुधाताईंनी त्यांना खाली बोलावलं आणि ओट्यावर पोळपाट, लाटणं, परात, तवा, चिमटा, कणकेचा डबा, पोळ्यांचा डबा असं सगळं मांडलं. आमटीच्या पातेल्याला जागाच उरली नाही.

"हे सगळं पोळीचं?" दिवाकररावांनी खरोखरच्या आश्चर्याने विचारलं. इतकी वर्षं ताटात फक्त पोळी दिसली होती.

"हो. घ्यायचं का, ते तुम्ही सांगा."

त्यांनी पोळपाट उचलून खालची मोकळी झालेली जागा पाहिली. मग म्हणाले, "भाकरीला काय लागतं गं?"

"परात, तवा आणि हात."

"हात माझे धर," ते म्हणाले. पहिली भाकरी परातीतच फाटली, दुसरीचा नकाशा झाला. पण पोळपाट-लाटणं वर घरी गेलं.

शेवटी गाडीत मोजकीच भांडी राहिली. ती घेऊन दोघं सुधाताईंच्या थोरल्या बहिणीकडे, सटाण्याला निघाले. निघताना उकळी आलेली खिचडी गोधडीत गेली आणि खोकं पट्ट्याने आवळलं गेलं. वाटेत प्रत्येक गतिरोधकाला दिवाकरराव आरशातून मागे बघत. सुधाताई मात्र कान देऊन बसल्या होत्या. कुठलं झाकण वाजतं ते ओळखायचं आणि त्याच्याखाली फडकं सारायचं, यात त्यांना सटाणा कधी आलं ते कळलंही नाही.

इंदूआक्का दारातच उभ्या होत्या. त्यांनी खोक्यात हात घातला आणि झटकन मागे घेतला. "बाई वं! आजून गरम शे!"

खिचडी जरा गाळ झाली होती, पण सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्ली. रात्री दोघं गाडीत झोपायला निघाले, तेव्हा आक्कांनी दुधाचं पातेलं दिलं. सुधाताईंनी गाडीतच विरजण लावलं. गाडी अंगणाच्या उतारावर उभी होती.

सकाळी झाकण काढलं, तर दही लागलं होतं, घट्ट, पण तिरकं. एका बाजूला काठापर्यंत, दुसऱ्या बाजूला बोटभर खाली.

"बिघडलं का गं?" दिवाकररावांनी काळजीने विचारलं.

"छे हो, अगदी सरळ लागलंय," सुधाताई पातेल्यावर वाकत म्हणाल्या. "आपण तिरके झोपलो होतो."