तूप नसलेला मलिदा

देवळीचा तानबा फिटर बॉनेटच्या आधी नाक उघडायचा. जळक्या रबराचा वास आला की पट्टा, सडक्या अंड्याचा आला की बॅटरी, करपल्या तेलाचा आला की ऑइल गळतंय. बाकीचे फिटर तास तास खटपट करायचे, हा दोनदा हुंगून मोकळा. दुकान चालायचं ते या नाकावर, आणि चार दिवसांपासून सर्दीनं तेच ठार बंद पडलं होतं. गिऱ्हाइकांना कळलं तर नाव गेलंच, म्हणून तो हुंगायचं नुसतं सोंग करायचा. ठाऊक होतं ते फक्त त्याच्या बायकोला, जयवंताला. घराला लागूनच दुकान, तिच्यापासून काय लपणार!

अशात पुलगावचे श्रीनिवास सर सहकुटुंब आले. मुलाला नोकरी लागली म्हणून नवस फेडायला गिरडच्या दर्ग्यावर निघालेले. गाडीत गोड वास दरवळत होता, पण मागे मलिद्याचं पातेलं. गुळाचाच वास म्हणून सगळे खुशीत. सुनेनं, अस्मितानं, मात्र गाडी दाखवायचा हट्ट धरला.

तानबानं डोळे मिटून दणदणीत श्वास ओढला. काही म्हणजे काही कळलं नाही. तरी मान डोलावली आणि मलिदाच आहे, खुशाल जा, असं ठोकून दिलं.

चहा घेऊन आलेली जयवंता थबकली. सरांच्या हाती कप देऊन तिनं पातेल्याचं झाकण उचलून हुंगलं, बॉनेटपाशी वाकून हुंगलं, पुन्हा पातेलं, पुन्हा बॉनेट. सर चहा विसरले.

"अवो, पातेल्यात गूळ हाय, तूप हाय," ती म्हणाली. "इथं नुसतंच गोड. तुपाचा पत्ता नाई."

तानबानं टॉर्च मारला. रेडिएटरचा पाइप चिरला होता आणि इंजिन थंड ठेवणारं गोडसर वासाचं कूलंट थेंबाथेंबानं तापल्या इंजिनवर पडत होतं. हिंगणघाट यायच्या आधीच गाडी बसली असती.

त्यानं टॉर्च विझवला. "सर, माह्यं नाक बंद हाय. म्या खोटं सांगतलं. पकडलं ते हिनं."

सर इतके हसले की चहा शर्टावर सांडला. इंजिन थंड झालं, नवा पाइप बसला, पण अस्मिता गाडीत बसेना. नाक सोबत असल्याशिवाय ती गिरडला जाणार नव्हती.

जयवंता पदर खोचून थेट पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"कुकरच्या तीन शिट्ट्या मोजजा," तिनं काचेतून तानबाला सांगितलं. "वासाच्या भरवशावर राहू नोका."