चढणाऱ्याला वाट

मी पौड सोडले त्या दिवशी पिरंगुटच्या घाटात रसूलभाईंनी एका माणसाचा जबडा फोडला. बाकीचे सारे मी नीट आखले होते. सामानाची यादी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवली होती, आणि पासपोर्ट आईने शिवलेल्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत ठेवला होता. पुण्यापर्यंत रसूलभाईंची लॉरी. ते आमचे बाजारपेठेतले शेजारी, वयाने माझ्याहून बरेच मोठे. मागे तांदळाची पोती आणि पोत्यांवर माणसे. पुढे रसूलभाई, माझे वडील आबा आणि मी.

मधल्या वळणावर वरून एक रिकामी लॉरी आली आणि थांबलीच नाही. आमच्याकडे नियम एकच होता: उतरणाऱ्याने थांबायचे, चढणाऱ्याला वाट द्यायची. भरलेली गाडी चढावर थांबली की मागे सरकते, आणि त्या काळच्या ब्रेकवर कोणी भरवसा ठेवत नसे. रसूलभाईंनी गाडी कडेला घातली. ती घसरू लागली. क्लीनरने चाकामागे दगड टाकला, तो उडाला. दुसरा टाकला, तो धरला. मागचे एक चाक तोवर दरीच्या काठाशी गेले होते.

ती लॉरी खालच्या अंगाला जाऊन थांबली होती. रसूलभाईंनी इंजिन फिरवायचे लोखंडी हँडल घेतले, त्या ड्रायव्हरला केसांना धरून खाली ओढले आणि पहिलाच फटका तोंडावर घातला. धुळीत पडलेले दात मी पाहिले. तो आडवा झाला तरी फटके चालूच होते.

आबा मागून म्हणाले, “बस कर रसूल, मरंल त्यो.”

“मरू दे. मागं माणसं बसल्यात, आबा. पोती न्हाईत नुसती.”

मग त्यांनी हँडल गवताला पुसले, सीटखाली ठेवले आणि मला वेळेवर स्टेशनात पोचवले. निरोप देताना आबा एवढेच म्हणाले, “तितं कुनाची वाट अडवू नगंस.”

काही वर्षांनी रसूलभाईही विलायतेत आले. आमच्या कारखान्यांच्या गावात त्यांना बेकरीची व्हॅन चालवायचे काम मिळाले, मला त्याच व्हॅनवर पाव उतरवायचे. इकडचे नियम मी त्यांच्याकडून रोज सकाळी घोकून घेत असे. चौकात पोलीस नाही, मधे फुलांचा गोल, गाड्या त्याच्याभोवती फिरतात. त्याला राउंडअबाउट म्हणतात. उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची. हॉर्न वाजवायचा नाही. वाजवला तर इथले लोक ती शिवी समजतात.

“हॉर्न न्हाई, हात दावणं न्हाई,” रसूलभाई म्हणायचे. “मुक्यांची जत्रा हाय ही.”

पण त्यांना सगळे पाठ होते. परीक्षेत ते पहिल्याच खेपेला पास झाले. त्यांचे लायसन म्हणजे घरी त्यांच्या चार माणसांचे पोट, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

एका सकाळी आम्हाला नव्या रस्त्याला पाठवले. रस्ता भिजलेला, व्हॅन गच्च भरलेली, आणि राउंडअबाउट नेमका खड्या चढाच्या माथ्यावर. उजवीकडून कोळशाचा ट्रक गोलात येत होता. “भाई, थांबा,” मी म्हणालो. ते थांबले नाहीत. चढावर भरली गाडी थांबवायची नाही, हे त्यांच्या पायात होते, आणि मागे दगड घेऊन उभा राहणारा कोणी नव्हता. ट्रकने आमच्या व्हॅनचे तोंड चेपले. काचा माझ्या मांडीत शिरल्या.

ट्रकवाला हँडल घेऊनच उतरला. त्याने रसूलभाईंना कॉलरला धरून बाहेर ओढले आणि मारायला सुरुवात केली. खांद्यावर, बरगड्यांवर, मग तोंडावर. एक डोळा तेव्हाच गेला. मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. तो घसरून पडला आणि हँडल माझ्या हातात आले. त्याचे टाळके माझ्या पायाशी होते. हात वर गेलेला मला आठवतो.

“बाळू,” रसूलभाई रक्त थुंकत म्हणाले, “आधी सांग. वाट कुनाची व्हती?”

“त्याची, भाई.”

“आपण तर चढत व्हतो.”

“हितं चढ मोजत नाहीत. उजवीकडचा जातो.”

त्यांनी बाहीने तोंड पुसले. “मग ठेव ते खाली.”

मी ठेवले.

लायसन गेले, रसूलभाई पौडला परतले. मी राहिलो. इतकी वर्षे इथे गाडी चालवतो आहे, एकदाही कुणाची वाट अडवलेली नाही. तिकडे राहिलेले विचारतात, आता घर कोणते. इकडे आलेले विचारत नाहीत. माझे मला यंदा गावी आल्यावर कळले.

पुण्याहून भाड्याची गाडी मी स्वतः चालवत होतो. शेजारी मला घ्यायला आलेले रसूलभाई, डोळ्यावर काळी पट्टी. घाट उतरताना खालून पोत्यांनी भरलेला ट्रक दिसला, आणि मी काही ठरवायच्या आत माझा पाय ब्रेकवर गेला. इंग्लंडात उजवीकडे बघायला मला आजही मनाला सांगावे लागते. या घाटात सांगावे लागले नाही. ट्रकवाल्याने जाताना हात वर केला. मीही केला.

रसूलभाईंनी सीटखाली चाचपून पाहिले. येताना सोबत आणलेले लॉरीचे जुने हँडल तिथेच होते.

“थांबलास ते बरं झालं,” ते म्हणाले. “न्हाईतर एका डोळ्यानंबी नेम चुकला नसता.”