खुर्चीला बोलणाऱ्या माई

त्या दुपारी माई जेवल्या, हात धुतले आणि आत जाताना मला म्हणाल्या, "शालू, आज चहाला उठवू नकोस गं. जरा जास्त पडते." चारचा चहा माझ्या सासूबाईंनी कधी चुकवला नव्हता, पण ऊन मी म्हणत होतं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाच वाजून गेले तशी न राहवून मी आत डोकावले, तर त्या गेलेल्या होत्या... कुशीवर, हात उशाखाली, चष्मा घडी करून शेजारी ठेवलेला. झोपेतच गेल्या, असं डॉक्टर म्हणाले. मला रडू यायच्या आधी हायसं वाटलं. लोक नावं ठेवतील, ठेवोत बापडे. अंथरुणाला खिळायचं आणि दुसऱ्यानं पाणी पाजायचं, याची तेवढी त्यांना धास्ती होती, आणि ते त्यांच्या वाट्याला आलं नाही. आता महिना उलटून गेला, तरी त्यांची आठवण आली की आधी तेच हायसं वाटणं आठवतं. आमचं नातं जुळलं तेही असंच, जीव भांड्यात पडून.

छप्पन-सत्तावन्न साल असेल. आम्ही मुलुंडला राहायचो. गणपतीत आमचं मंडळ नाटक करायचं आणि बायकांची कामं मिशा उतरवून पुरुषच करायचे. त्या वर्षी नाटक बसवणाऱ्या नाना मास्तरांनी जाहीर करून टाकलं, "यंदा बायकांची कामं बायकाच करतील, नाहीतर मी नाटक बसवत नाही." नाटक जुनं, गाजलेलं, पोट धरधरून हसवणारं. मी शाळेपासून गॅदरिंग गाजवत आलेली, त्यामुळे माझे पाय जमिनीवर नव्हते. नेमकं त्याच सुमाराला घाटकोपरहून माझ्यासाठी एक स्थळ आलं. मुलाला मी एका लग्नात पाहिलं होतं आणि तो मला आवडला होता. अर्थात हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण मध्यस्थांबरोबर मुलाच्या आईचा निरोप आला होता : नाटकाचं खूळ सोडणार असेल तर मुलगी बघायला येऊ. वडील म्हणाले, "एवढं गणपतीचं करून घे, मग बस झालं." मी मान डोलावली खरी, पण रात्रभर उशी भिजवली. मला दोन्ही हवं होतं.

निवड शाळेच्या हॉलमध्ये होती. मास्तर कुणाला संवाद वाचायला देत नसत. समोर एक लाकडी खुर्ची मांडायचे आणि सांगायचे, "या खुर्चीत उशिरा घरी आलेलं माणूस बसलंय. त्याला बोला. आवाज चढवायचा नाही आणि हसायचं तर मुळीच नाही. जो स्वतः हसला, तो बाद." बऱ्याच जणी पहिल्या वाक्यालाच फिसकन हसून बाद झाल्या. मी कशीबशी निभावले आणि मला नायिकेचं काम मिळालं. अडलं ते आत्याबाईशी. सगळ्या नाटकाला धारेवर धरणारी ती खाष्ट आत्या करायला कुणी पोक्त बाई पुढे येईना. "शालू, आत्याबाई नाही मिळाली तर नाटकाची वाट लागली समज," असं मास्तर म्हणाले, आणि त्यांचं लक्ष शेवटच्या बाकाकडे गेलं. तिथे फिकं नऊवारी नेसलेल्या एक बाई बसल्या होत्या. पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर आलेल्या.

"बाई, तुम्ही आत्याबाईसाठी ना? मग मागे काय बसलाय? या पुढे."

त्या बाई म्हणजे माई. रीतसर दाखवण्याआधी मुलाकडच्या बाईनं मुलगी परस्पर नजरेखालून घालायची, अशी तेव्हा सर्रास चाल होती. पण आपण कोण हे चुकूनही सांगायचं नाही. नंतर नकार द्यायचा झाला तर बोभाटा नको. माईंनी माझं नाटक बघून नकाराचं कारण हातात घेऊन जायचं ठरवलं होतं, हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. आता भर हॉलमध्ये 'मी सून बघायला आलेय' म्हणणार कशा? उठल्या बिचाऱ्या. पिशवी काखेतच.

खुर्चीकडे त्यांनी एकदा नीट पाहिलं. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "आलात? बसा. पाणी देऊ? नको? बाहेरच प्यायलात वाटतं. जेवणही झालंच असेल. मग घरी कशाला आलात, कपडे बदलायला? आमटी मी तीनदा गरम केली. आता तिला आमटी म्हणवत नाही, काढा म्हणा." हॉल खदखदत होता आणि यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलेना. मास्तर तर डोळे पुसत होते. आणि एकदम माईंचा आवाज खाली आला. "उशीर होतो माणसाला, कळतं मला. पण जाताना निरोप तरी ठेवावा माणसानं..." माझे सासरे एका सकाळी डबा घेऊन ऑफिसात गेले ते तिकडेच कोसळले होते, हे तेव्हा आम्हाला कुणाला ठाऊक असणार? मास्तरांनी नाव विचारायच्या आत त्या शेंगा सावरत निघून गेल्या.

रविवारी मुलाकडचे आले. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले आणि समोर त्याच बाई! बशा हातातून पडायच्याच राहिल्या. माई जराही विचलित झाल्या नाहीत. सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, "नाटकात काम करतेस म्हणे?" वडील चुळबुळायला लागले. मी ठरवलं, जाईल ते जाऊ दे, पण खोटं बोलायचं नाही. "हो, करते. आणि सोडवणार नाही माझ्याच्यानं."

"पाठांतर कसं आहे?"

"लवकर होतं."

"मग माझं घे बाई तेवढं करून. या वयात मला एकटीला नाही जमायचं. आणि तुमच्या त्या मास्तरांना सांग, आत्याबाई मिळाली."

वडिलांच्या तोंडून जो निःश्वास निघाला, तो मला अजून ऐकू येतो. मी तर सरळ रडलेच.

माईंची आत्याबाई झकास झाली. विधवा बाई तोंडाला रंग लावते म्हणून घाटकोपरच्या नातेवाइकांनी तोंडसुख घेतलं. माई म्हणाल्या, "बोलू देत. मला कुठे त्यांना आमटी वाढायचीय?" नाटक त्यांनी तेवढं एकच केलं. मी मात्र आजतागायत करते आहे, आणि मुलं लहान असतानाही ते चाललं ते त्यांच्या जिवावर. पुढे मास्तर गेले, शाळेनं जुनं सामान काढलं, तेव्हा ती खुर्ची माईंनी मागून आणली. ती दारापाशी असे. मी तालमीहून आले की त्या तिच्यात बसून, चेहरा हलू न देता विचारायच्या, "आलात? बसा. पाणी देऊ?"

परवा तालमीहून दिवेलागणीला घरी आले. खुर्ची रिकामी. सवयीनं दारात थांबले, पण कुणी पाणी विचारलं नाही. मग मीच तिच्यासमोर उभी राहिले आणि माईंच्या थाटात बोलायला लागले. पाणी झालं, आमटी झाली... 'निरोप तरी ठेवावा माणसानं' म्हणायला तोंड उघडलं आणि तशीच थांबले.

ठेवला होता की. आज चहाला उठवू नकोस गं.

डोळ्यांत पाणी असताना मला हसू फुटलं. मास्तरांच्या नियमानं मी बाद.